भुरीच्या पोटाखालची रेषा

फार मागची गोष्ट. तेव्हा टेकड्यांचं राज्य सभेनं चालायचं. निम्म्या टेकड्यांवर गाढवांना दावं लावून ओझ्याला जुंपत, निम्म्यांवर ती मोकळी चरत. नवी टेकडी राज्यात आली की दोन्हीकडची मतं सारखी राहावीत म्हणून सभा कासावीस व्हायची. गाढवांना मात्र कुणी विचारायचं नाही.

एका वर्षी भुरी गाढविणीची टेकडी आली. लांडगा दोरी घेऊनच सभेला आला होता. "बांधायचं!" तो म्हणाला. "मुळीच नाही!" सांबर म्हणालं. शेवटी म्हाताऱ्या करकोच्यानं चोचीनं माती उकरत त्या टेकडीच्या मधोमध रेषा ओढली. वरची गाढवं मोकळी, खालची बांधलेली. सगळे खूश झाले. रेषा गेली होती ती नेमकी चरणाऱ्या भुरीच्या पोटाखालून.

"हरकत नाही," करकोचा म्हणाला, "पुढचे पाय मोकळे, मागचे बांधा."

"अहो, मग मी चालू कशी?" भुरीनं विचारलं.

"असं बघ बाई," सांबर मायेनं म्हणालं, "निम्मी तरी सुटलीस ना! पेढे वाट."

लांडगा दोरी घेऊन मागून सरसावला. भुरीनं खाली पाहिलं. उकरलेली मऊ धूळ बघून कुठल्या गाढवाला राहवतं? ती धपकन आडवी झाली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मनसोक्त लोळली.

"अगं, रेषा पुसतेस!" सभा ओरडली.

"पाठ खाजत होती," भुरी अंग झटकत म्हणाली.

आता कुठले पाय बांधायचे यावर सभेत पुन्हा जुंपली. लांडगा दोरी धरून निकालाची वाट बघत राहिला. तोवर भुरीचे चारही पाय टेकडीपलीकडे पोचले होते.