तेरावी रेघ

"चाचा, पण पहिला नंबर येईल ना?" केतकीने तिसऱ्यांदा विचारलं.

इलाहीचाचा आपल्या दुकानात बशीतून चहा पीत होते. पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरून देण्यात त्यांची सारी हयात गेली होती. गडहिंग्लजच्या शाळेतली पोरं विजेचा प्रयोग केला की आधी त्यांना दाखवत, मग गुरुजींना. उद्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं.

"दुसरा आला तर?"

"दुसरा बाकीच्यांना! कुणी लिंबाचा सेल करतंय, कुणी घंटा वाजवतंय. दरवर्षी तेच. मी शोध लावलाय."

नववीतली पोर, पण तोरा असा, की विजेनं वाहताना हिची परवानगी घ्यावी!

शोध साधाच होता. बटाट्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचली की थोडी वीज मिळते. बटाट्याजवळ चुंबक धरला की ती वाढते. मीटरचा काटा बाराव्या रेघेवरून तेराव्या रेघेवर जातो. चुंबकाने काटाच ओढू नये म्हणून मीटर हातभर लांब ठेवायचा, हेही तिचं तिनेच ठरवलेलं. हुशार होती, यात वादच नाही.

"किती येळा करून बघितलंस?"

"चाळीस. चाळीसच्या चाळीस वेळा तेरा!" तिने वही पुढे केली.

चाचांनी वही उघडलीच नाही.

"चुंबक दे हिकडं. मी धरतो. तू निस्ता काटा बघ."

ती मीटरवर वाकली. चाचांची मूठ बटाट्यापासून लांब होती.

"बारा."

मूठ जवळ आली.

"तेरा."

लांब.

"बारा."

जवळ.

"तेरा! बघितलंत?"

चाचांनी मूठ उघडली.

मूठ रिकामी होती. चुंबक मागच्या लोखंडी कपाटाला चिकटलेला होता.



"असं कसं, चाचा..."

ती पुन्हा मीटरवर वाकली. मघाशी मूठ जवळ येताना मान कलली होती तशी डावीकडून पाहिलं, तेरा. मान सरळ केली, समोरून पाहिलं. बारा. परत डावीकडून, तेरा. चाचा कपबशी विसळायला गेले होते, बटाट्याजवळ कुणीसुद्धा नव्हतं.

तिचे कान लालबुंद झाले.

"मी खोटं नाही बोलले, चाचा. आईशप्पथ."

"मी कुटं म्हनलं?"

"चाळीस वेळा केलं हो..."



तिला रडू फुटलं. लाज वाटली, आणि रागही आला. चाचांचा आला, त्या मेल्या बटाट्याचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. उद्या दहाला परीक्षक येणार. मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून झालेली, 'चुंबकाने वाढणारी वीज'. आता त्या पाटीमागे उभं राहायचं कोणत्या तोंडाने?

तिने वहीचं पान धरलं आणि फाडायला घेतलं.

चाचांनी ओल्याच हाताने तिचं मनगट धरलं.

"सोडा ना! सगळं चुकलंय. उद्या मी मांडू तरी काय?"

चाचांनी वही तिच्याकडून घेतली, तिचं चुरगळलेलं पान तळव्याने सरळ केलं आणि वही परत तिच्या हातात दिली.

"काटा जागचा हलला न्हाई, पोरी. वाकलं कोन, ते मांड."