काठोकाठ भरलेल्या तळ्याची पाहणी

फार लांब नव्हतं, असं एक जंगल होतं. तिथे सिंहाचं राज्य होतं आणि दर पाच वर्षांनी त्यालाच निवडून देण्याची सगळ्यांना पूर्ण मोकळीक होती. जंगलात तळं एकच. ते सदैव काठोकाठ भरलेलं असतं, असं राजग्रंथाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्यामुळे तळ्याकडे बघायची कुणाला गरज पडत नसे.

येसू साळिंदर मात्र अडाणी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बिचारी बघायची. रोज सकाळी पाणी जिथे संपे, तिथे ती आपला एक गळलेला काटा रोवी. वीस दिवसांत वीस काट्यांची रांग झाली आणि पहिला काटा पाण्यापासून चाळीस पावलं मागे राहिला. नदी आठ दिवसांच्या वाटेवर, पदरात दोन पिल्लं. पाणी आहे तोवरच निघायला हवं होतं. पण वेशीवर लांडगे होते, आणि ते परवान्याशिवाय कुणाला सोडत नसत.

ती दरबारात गेली. "महाराज, तळं आटतंय. आम्हाला नदीवर जाऊ द्या."

"राजग्रंथ वाचलायस का?" महापंडित घुबडशास्त्री खेकसले.

"नाही जी. पण काटे रोवलेत. तुम्हीच येऊन बघा की!"

सिंह उदार होता. त्याने लगेच पाहणी समिती नेमली. समितीत एकटे शास्त्रीबुवा. घुबडाला दिवसा दिसत नाही, त्यामुळे निःपक्षपातीपणाबद्दल त्यांचा मोठा लौकिक होता. त्यांनी भर दुपारी पाहणी केली आणि अहवाल दिला: पाणी जागच्या जागी आहे, काटेच मागे सरकले आहेत. सबब काट्यांनी तळ्याच्या जमिनीवर अतिक्रमण केल्याचे सिद्ध होते.

काटे उपटले. टंचाई संपली. भरल्या तळ्यावरून उठून जाणं म्हणजे राज्याची बदनामी, म्हणून परवानाही नाकारला.

"अहो, माझी पोरं तहानेनं मरतील!" येसूला रडू फुटलं.

"चांगलं बोलावं गं," शास्त्रीबुवा म्हणाले.

पुढच्या महिन्यात निवडणूक झाली. विजयसभेला जागा पुरेना, तेव्हा ती तळ्याच्या तळाशी भरवली.

"एवढं मोठं मैदान आजवर कुणी दिलं होतं का?" सिंह गरजला.

"नाही!" कोरड पडलेल्या घशांना जमेल तेवढ्या जोरात गर्दी ओरडली.

जिभा बाहेर आलेली दोन पिल्लं कुशीत घेऊन येसू पहिल्याच रांगेत बसली होती. जो सभेला येणार नाही त्याचं पाणी तोडलं जाईल, अशी दवंडी होती.