बकुळाच्या चष्म्याचा नंबर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शब्दही साधेच आहेत. वाचताना चूक दिसली, तर आईबाबांनी सांभाळून घ्यावं.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव बकुळा. तिला तीन पिल्लं. चालताना पिल्लं एकमेकांचं शेपूट धरायची. तुरुतुरु, तुरुतुरु.

बकुळाला चष्मा होता. चष्मा लावूनच ती फणस खायची.

एकदा उजवी काच पडली. खळकन फुटली.

आता बकुळाला डावीकडचंच दिसे. म्हणून ती डावीकडेच वळे. गोल गोल, गोल गोल. मागे पिल्लंही गोल गोल. घर काही येईना. पिल्लं दमली.

फिरत फिरत ती पोचली चष्मेवाल्या केरबाकाकांकडे. म्हणाली, काच द्या.

काका म्हणाले, "काच मापाची लागते, बाई. काडीच्या आत बघ. मॉडेल आणि साइजचे नंबर असतात. ते वाच, मग काच."

काडीच्या आत होता फणसाचा चीक. पाण्याने धुतला, तर आणखीच चिकटला. चीक सुटतो तेलाने.

तुरुतुरु, गोल गोल. बकुळा गेली तेलाच्या घाण्याकडे.

"घाणेदादा, घाणेदादा, तेल दे.
तेल मिळेना, चीक सुटेना.
चीक सुटेना, नंबर दिसेना.
नंबर दिसेना, काच मिळेना.
काच मिळेना, घर येईना."

घाणा म्हणाला, "बैल ओढेल, मग तेल."

तुरुतुरु, गोल गोल. बकुळा गेली बैलाकडे. बैलाला वाटलं, हीपण घाण्यालाच जुंपलेली दिसते.

"बैलमामा, बैलमामा, घाणा ओढ.
घाणा फिरेना, तेल मिळेना.
तेल मिळेना, चीक सुटेना.
चीक सुटेना, नंबर दिसेना.
नंबर दिसेना, काच मिळेना.
काच मिळेना, घर येईना."

बैल म्हणाला, "गवत खाईन, मग उठेन."

तुरुतुरु, गोल गोल. बकुळा गेली गवताकडे.

"गवता, गवता, लवकर वाढ.
बैल उठेना, घाणा फिरेना.
घाणा फिरेना, तेल मिळेना.
तेल मिळेना, चीक सुटेना.
चीक सुटेना, नंबर दिसेना.
नंबर दिसेना, काच मिळेना.
काच मिळेना, घर येईना."

गवत म्हणालं, "पाटात खेकडा बसलाय. पाणी अडलंय. तो सरकेल, मग वाढेन."

तुरुतुरु, गोल गोल. बकुळा गेली खेकड्याकडे.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, जरा सरक.
गवत वाढेना, बैल उठेना.
बैल उठेना, घाणा फिरेना.
घाणा फिरेना, तेल मिळेना.
तेल मिळेना, चीक सुटेना.
चीक सुटेना, नंबर दिसेना.
नंबर दिसेना, काच मिळेना.
काच मिळेना, घर येईना."

खेकडा म्हणाला, "तिरका सरकलो तर चालेल?"

"चालेल."

खेकडा सरकला, तिरका तिरका.
पाणी वाहिलं, खळखळ.
गवत वाढलं, सळसळ.
बैल उठला, धपधप.
घाणा फिरला, कुरकुर.
तेल आलं, टिपटिप.
चीक सुटला, सुळकन.

नंबर दिसला. काकांनी वाचला. मॉडेलचं नाव 'टिकली सात'. काचेची रुंदी चार. नाकावरचा पूल दोन. काडीची लांबी नऊ.

काच बसली, टक.

बकुळा निघाली. तुरुतुरु, सरळ सरळ. घर आलं. बिळाच्या तोंडाशी तिने पिल्लं मोजली.

एक. दोन. तीन. चार.

चार?

शेवटच्या पिल्लाचं शेपूट धरून बैल उभा होता.

"रोज गोल गोल फिरतो गं," बैल म्हणाला. "आज सरळ चालून पाहिलं."

ही गोष्ट मी रात्री आमच्या घरातल्या पोरांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा चष्मा मागून घेतला. काडी पुसली, आतले नंबर कागदावर उतरवले आणि कागद फडताळात ठेवला.