सातवा खांब

एकदा एक वृद्ध वैमानिक आणि त्याचा शिष्य घाटमाथ्यावरच्या एका लहानशा धावपट्टीवर अडकून पडले. दृष्टांतातला गुरू बहुधा वडाखाली बसलेला असतो. आमचा हा गुरू पत्र्याच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याने ज्ञानाला काही कमीपणा येत नाही.

हळदीच्या एका व्यापाऱ्याला घेऊन ते आदल्या दिवशी आले होते. सकाळी परत निघायचे, तर भाद्रपदाचा ढग डोंगरावरून उतरला आणि धावपट्टीवर फतकल मारून बसला. तिथे मनोरा नव्हता, हवा मोजणारे यंत्र नव्हते, रात्रीचे दिवेही नव्हते. धावपट्टीच्या कडेने दर दोनशे मीटरवर एकेक पांढरा खांब होता. खोलीच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात असे सात खांब दाखवले होते.

वृद्धाने सकाळीच सांगून टाकले, "खोलीपासून सहा खांब दिसले, तर उडायचं. पाच दिसले, तर नाही."

शिष्याचा जीव मात्र शहरात अडकला होता. त्याच्या मुलीचे त्या दिवशी संध्याकाळी पाचला बारसे होते. ती जन्मली तेव्हाही तो असाच कुठल्या तरी परमुलखात कामावर होता, आणि बायकोने तेव्हा एकच वाक्य ऐकवले होते, "निदान बारशाला तरी बाप दिसू दे." त्याने शब्द दिला होता. तीनपर्यंत उड्डाण झाले तर शब्द राहणार होता.

अशा वेळी गुरूने काय करावे? त्याने खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ करून भिंतीसमोर मांडली आणि विमानाचे पुस्तक उघडून बसला. तीस वर्षांत पाठ झालेली पाने तो पुन्हा ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. बाहेर खोलीला लागूनच इरलं पांघरून एक बाई गवत कापत होती. तासातासाने हा भिंतीकडे तोंड ठेवूनच हाक मारी, "शेवंताबाई, खांब किती?"

"दोन!" बाहेरून उत्तर येई. हा मान हलवी आणि पुढचे पान उलटी.

व्यापारी हसून म्हणाला, "कॅप्टनसाहेब, भिंतीवर कुठला सिनेमा लागलाय?"

"जुनाच आहे," वृद्ध म्हणाला, "पण दर वेळी नवं काही दिसतं."

शिष्य खिडकी सोडायला तयार नव्हता. चहा गार झाला, भाकरी तशीच राहिली. दुपारी पावणेतीनला ढग थोडा हलला आणि तो ताडकन उठला.

"सर, दिसतायत! एक, दोन, तीन... सहा. सहा काय, सातही दिसतायत!"

वृद्धाने पुस्तकातून मान वर केली, पण वळला नाही. "सात? नीट मोजलेस?"

"दोनदा मोजले. शेवटचा जरा पुसट आहे, पण आहे."

व्यापारीही खिडकीशी गेला. "हो हो, आहे ना! मलाही दिसतोय."

"शेवंताबाई, खांब किती?"

बाईने विळा थांबवला, कपाळावर हात धरला. "चार हायत. पाचव्यापाशी समदा धूर धूर हाय."

"थांबायचं," वृद्ध म्हणाला आणि पुन्हा वाचू लागला.

शिष्याचा संयम तिथे संपला. "सर, माझे डोळे दोन महिन्यांपूर्वी तपासलेत. मी शिकलेला माणूस आहे, आणि तुम्ही गवत कापणाऱ्या बाईचं ऐकता? तुम्हाला धीर होत नसेल तर तसं सांगा!"

हे शब्द गुरूला लागले असणार. दगडालाही लागले असते. पण तो आवाज न चढवता म्हणाला, "आज तिचंच ऐकतो. थांबायचं म्हणजे थांबायचं."

वीस मिनिटांत पहिला खांबही दिसेनासा झाला. पाच वाजले. दूर शहरात आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, आणि बापाने ते फोनवर ऐकले. पाळण्याचे गाणे पुरते ऐकू येण्याआधी फोन तुटला. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

साडेपाचनंतर ढग एकाएकी उठला. उड्डाणाची वेळ टळली होती, पण उजेड होता. वृद्ध म्हणाला, "चल, पाय मोकळे करू."

दोघे धावपट्टीच्या कडेने निघाले. शिष्य रागाने दोन पावले पुढेच चालत होता. पहिला खांब गेला, दुसरा गेला, असे करत सहावा गेला. त्याच्या पुढे दोनशे मीटरवर वृद्ध थांबला. तिथे खांब नव्हता. सिमेंटचा एक फुटका चौथरा होता आणि त्याच्या खाचेत गवत उगवले होते.

"गेल्या वर्षीच्या वादळात पडला म्हणे," वृद्ध म्हणाला. "सकाळी तू फोनवर होतास तेव्हा मी इथवर चालून आलो होतो."

शिष्य चौथऱ्याकडे पाहतच राहिला. "सर, मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच दिसला होता."

"म्हणूनच भीती वाटते, बाळा. खोटं बोलणारा निदान जाणून असतो. डोळे हे मनाचे नोकर. मालकाला जे हवं, तेच ते आणून दाखवतात. नकाशात सात होते आणि तुला घर हवं होतं. सातवा खांब दोहोंनी मिळून उभा केला. शेवंताबाईला आपण गेलो काय अन् राहिलो काय, सारखंच. तिला होतं तेवढंच दिसलं."

"पण तुम्ही तर एकदाही बाहेर पाहिलं नाहीत. तीस वर्षांचा अनुभव आहे तुमचा."

वृद्धाने खिशातून एक डबी काढून त्याच्या हातात ठेवली. आत चांदीचे इवलेसे वाळे होते.

"बारशाला मीही येणार होतो," तो म्हणाला. "मी खिडकीशी बसलो असतो तर मला आठ खांब दिसले असते. म्हणून पाठ फिरवली."

शिष्याने डबी छातीशी धरली. मग वाकून, त्या ओल्या गवतातच, त्याने गुरूच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थोडा ढग होता. वृद्ध चहा घेऊन खोलीत आला, तेव्हा शिष्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडलेली होती आणि मांडीवर पुस्तक उघडे होते. व्यापारी कपाळाला हात लावून म्हणाला, "आता हाही सिनेमा बघायला लागला!"

शिष्याने लक्ष दिले नाही. त्याने मागे न पाहता हाक मारली, "शेवंताबाई, खांब किती?"

"पाच!"

तो पुढचे पान वाचू लागला. तासाभराने पुन्हा हाक गेली.

"सहा!" बाई ओरडली. "आन् सातवा इचारू नगा, त्यो न्हाईच!"

तेव्हा कुठे त्याने पुस्तक मिटले, टोपी घातली आणि खिडकीकडे तोंड केले.

ज्या दिवशी एखादी गोष्ट फार हवी असते, त्या दिवशी खांब दुसऱ्याकडून मोजून घ्यावेत.