हललं तेवढंच

"मग अनसूयेला मी दिसत का नाही?" राघवबुवांनी विचारलं.

"आपल्याकडून काही कमी नाही, बुवा," निशिकांत म्हणाला. "दोष तिकडचा आहे."

निशिकांत पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून मठात आला होता. बुवांचं गुरुवारचं निरूपण इंटरनेटवर थेट दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. इतकं स्वच्छ चित्र कुठल्याच मठाचं जात नाही, असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

त्या गुरुवारी निरूपण चालू असतानाच फोन आला. अनसूयाबाईंच्या मुलीचा. अनसूयाबाईंनी उभं आयुष्य मठाच्या स्वयंपाकघरात काढलेलं. आता त्या सातपुड्यातल्या एका लहानशा दवाखान्यात होत्या, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. बुवांचं मुख एकदा बघायचं, एवढंच त्या म्हणत होत्या. मुलगी दवाखान्याच्या फोनवरून बोलत होती; तिच्या मोबाइलवर मात्र नुसतं चाक फिरत होतं.

बुवांनी निरूपण थांबवलं होतं.

"दोष म्हणजे काय रे?"

"तिथं रेंज कमी. म्हणजे वाट अरुंद, वर तिच्यावर गर्दी. फोनही जुना असेल. आपण पाठवतो ते वेळेवर पोचत नाही."

"मग थोडं कमी पाठव."

"दर्जा उतरवला तर तुमचा चेहरा धूसर दिसेल, बुवा. हजारो लोक बघतायत..."

बुवा म्हणाले, "त्या वाटेनं काय काय जातं?"

"सगळंच. पण हललं तेवढंच नव्यानं जातं. जे जागच्या जागी आहे, ते पुन्हा पाठवावं लागत नाही."

बुवांच्या मागं रेशमी पडदा पंख्याच्या वाऱ्यानं लहरत होता. समयांच्या ज्योती हलत होत्या. रंगीत दिवे फिरत होते. सगळं निशिकांतनंच मांडलेलं.

बुवा उठले. पंखा बंद केला. पडदा काढून त्याची घडी घातली. दिवे बंद केले, एकेक समई शांत केली. मग कोऱ्या भिंतीपुढं येऊन बसले. हात मांडीवर ठेवले.

आणि हलले नाहीत.

निशिकांतसमोर बघणाऱ्यांचा आकडा उतरू लागला. 'बंद पडलं का?' कुणीतरी लिहिलं. 'चित्र अडकलंय,' दुसऱ्यानं लिहिलं.

"बुवा, लोक निघून जातायत," तो हळूच म्हणाला.

बुवांची पापणीही लवली नाही.

निशिकांतचा हात कळफलकाकडं गेला... आणि तिथंच राहिला.

फोन अजून चालू होता. त्यातून मुलीचा आवाज आला. "दिसले... आई, बघ. बुवा दिसले."

निशिकांतनं कळफलकाकडचा हात मागं घेतला.

"आईनं हात जोडलेत," मुलगी म्हणाली.

बुवा तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी उतरत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

दिवेलागणीला निरोप आला. अनसूयाबाई गेल्या.

निशिकांत बुवांजवळ येऊन बसला. म्हणाला, "बुवा... बाकीच्यांना वाटलं, आपण अडकलोय."

"अडकलोच होतो," बुवा म्हणाले. "आज जरा सुटलो."