दिवाणांच्या नातवाचे जावळ

घटसर्पाची पहिली लस संस्थानाने फुकट टोचली; दुसरीला दिवाणांनी दोन रुपये लावले. "ज्याला जिवाची किंमत कळते, तो देईल," ते म्हणाले.

पुढे त्यांच्या नातवाचे जावळ काढायला रखमाजी न्हावी आला, तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये, मुहूर्त टळतो आहे!"

"सरकार, माझी दुसरी लस राहिली आहे आणि बाळाची तर पहिलीही झालेली नाही."

"जिवाची किंमत नाही का रे तुला?"

"आहे, म्हणूनच बाहेर उभा आहे. ऐपत नाही."

दिवाणांनी दोन रुपये पुढे केले. रखमाजी ते घेईना.

"माझे भागेल, सरकार. पण बाळाला न्हाऊ घालणारी सगुणा, रतिबाचा गवळी, दुपटी धुणारा परीट, हे सारे माझ्याच आळीतले."

दिवाणांनी पाळण्याकडे पाहिले. जावळ पुढच्या मुहूर्तावर निघाले. दुसरी लस मात्र त्याच दुपारी फुकट झाली.