कानातलं यंत्र

डॉ. सायरा मुजावरला चांगल्या गुणांवर एम.डी.ची जागा मिळाली होती, पण ती टिकणं आता विभागप्रमुख डॉ. नगरकरांच्या एका शब्दावर होतं. सायराला लहानपणापासून कमी ऐकू यायचं आणि तिच्या कानात यंत्र असायचं.

नगरकर वॉर्डातला राउंड संपवून तसेच प्रवेश-तपासणी समितीच्या खोलीत आले. समोर बसलेल्या सायराच्या कानातलं यंत्र पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, कानात यंत्र घालून ठोके ऐकणारा डॉक्टर माझ्या विभागात चालणार नाही. हा नियमच समजा."

 सायरानं हळूच मान वर केली. नगरकरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप लोंबत होता.

"नियम सगळ्यांना सारखा ना, सर?"

"अर्थात!"

"ठोके ऐकताना गळ्यातलं ते यंत्र तुम्हीही कानातच घालता. मग उद्यापासून राउंड कोण घेणार, सर?"

नगरकरांचा हात गळ्याकडे गेला. समितीतल्या मॅडम आधी हसल्या, मग सगळी खोली हसली आणि शेवटी नगरकरांनाही हसू आवरेना.

"उद्या सकाळी राउंडला या," तिच्या प्रवेशाच्या कागदावर सही करत ते म्हणाले. "आणि ते यंत्र विसरू नका."

"नाही विसरणार, सर. तुम्हीही विसरू नका."